पाच अतिचार आणि आपली मुले

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत मुखोद्गत केलेले असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. त्यांचे विवेचन ऐकताना डोळ्यांपुढे बैल येतो, घोडा येतो, फार तर नोकर येतो. खोलीत कोंडलेले, पट्ट्याने मारलेले, शिक्षा म्हणून उपाशी झोपविलेले आपलेच लेकरू सहसा येत नाही.

बालपणी सोसलेली हिंसा शरीरात किती खोल उतरते, याचा शोध आता पेशीपर्यंत पोहोचला आहे. कापडाचे सूत सुटू नये म्हणून काठ दुमडून शिवतात. तसे पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमेअर’ हे संरक्षण असते. पेशींच्या विभाजनाबरोबर ते झिजत जाते आणि फार आखूड झाले की विभाजन थांबते. वार्धक्याच्या अनेक खुणांपैकी ही एक. या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शॉस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१० मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३१ प्रौढांची तपासणी केली. बालपणी छळ वा उपेक्षा सोसलेल्यांचे टेलोमेअर इतरांपेक्षा आखूड आढळले. पुढे ब्रिटनमध्ये २३६ मुलांची पाचव्या व दहाव्या वर्षी तपासणी झाली. दोन वा अधिक प्रकारची हिंसा अनुभवलेल्या मुलांत ही झीज अधिक वेगाने झाली होती. काही अभ्यासांत असा संबंध दिसला नाही, हेही खरे. आणि आखूड टेलोमेअर म्हणजे कोणाचे विधिलिखित नव्हे. तथापि ‘लहान आहे, विसरून जाईल’ या समजुतीला आता आधार उरलेला नाही.

ग्राहकाचे दहा कटू शब्द आपण हसतमुखाने ऐकून घेतो आणि गुण कमी पडले म्हणून मुलावर हात उगारतो. मग तो संयम धर्माचा म्हणावा की धंद्याचा?

याहून गंभीर गोष्ट मौनाची. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सांगितला. त्रास देणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले होते. अशा वेळी घराण्याच्या अब्रूसाठी मुलाला गप्प करणे म्हणजे हिंसेची अनुमोदनाच होय. आणि कृत, कारित, अनुमोदित या तिन्ही प्रकारे आपण हिंसेचा त्याग केलेला असतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही अशी माहिती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

क्षमापनेच्या दिवशी आपण आप्तांची, व्यापारी मित्रांची हात जोडून क्षमा मागतो. यंदा घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीपुढेही बसावे, तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मगच ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे.

जय जिनेंद्र.