जाड्या-रड्याची अडखळती बोली

मागे जव्हारजवळच्या दाभोशाला एका जुन्या सोबत्याच्या घरी गेलो होतो. संध्याकाळी ओटीवर पोरे एका मोबाईलभोवती गोळा झाली होती. त्यावर जाड्या-रड्या, म्हणजे लॉरेल आणि हार्डी. बोलणे सगळे इंग्रजी, तरी पोरे हसून लोळत होती. मधेच धाकटीने विचारले, "काका, हे आपल्या बोलीत का नाय बोलत?"

बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न एकेकाळी हॉलीवूडच्या मालकांनाही पडला होता. मूकपटात पाट्या बदलल्या की भागत असे. बोलपट आला आणि परदेशचे गिऱ्हाईक तुटायची वेळ आली. तेव्हा हॅल रोच यांच्या स्टुडिओने १९३० च्या सुमारास जाड्या-रड्याचे विनोदीपट पुन्हा स्पॅनिशमध्ये काढले. दोघांना ती भाषा येत नव्हती. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा फळ्यावर उच्चार लिहून ठेवायचे आणि ते पाहून यांनी बोलायचे! चोरीच्या नाटकात फसलेल्या दोन भणंगांचा 'लाद्रोनेस' असाच तयार झाला. फ्रेंच, जर्मनमध्येही असे प्रयोग झाले. पण प्रत्येक प्रसंग पुन्हा चित्रित करणे महाग पडे. डबिंग सुधारले आणि ही पद्धत थांबली.

आपल्याकडेही हे झाले. १९३२ चा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' प्रभातने मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. विनोदात मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांचे 'ब्रह्मचारी' (१९३८) व 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हेही दोन्ही भाषांत निघाले. बाटली शोधत वणवण करणारा दामूअण्णा मालवणकरांचा भोळा कारकून हिंदी प्रेक्षकांपुढेही गेला.

गंमत अशी, की जाड्या-रड्याचे तोडकेमोडके बोलणे लोकांना आवडले. इटलीत तर डबिंग आल्यावरही त्यांची इटालियन मुद्दाम अडखळती ठेवली. परका मोठा माणूस आपली भाषा बोलायला धडपडतो, याचे लोकांना कौतुक.

हे मी सांगत होतो, तेव्हा सोबत्याची थोरली मुलगी गप्प होती. ती बाहेर शिकते. मग हळूच म्हणाली, "मी वर्गात बोलले का मलापण हसतात. पण ते कौतुकाने नाय."

मला पुढे बोलवेना. घरी वारली बोलणारी ही पोर पुस्तकी मराठी शिकते, वर हिंदी-इंग्रजीही शिकते. तिला ना फळा, ना शिकवणी, ना पगार. जाड्या-रड्यापेक्षा तिची मेहनत कितीतरी मोठी. मग तिच्या अडखळण्याला कौतुक का नाही?

आपल्याही घरी गावाकडची पोरे येतात, पाहुणे येतात. त्यांच्या एखाद्या शब्दाला आपली मुले हसली, तर तिथेच थांबवा. त्यांना सांगा, तो शब्द त्यांच्याकडून शिकून घ्या.

निघताना मी धाकटीकडून वारलीतली दोन वाक्ये शिकलो. म्हणताना चुकलो. सगळे हसले, आणि सर्वांत मोठ्याने हसली ती थोरली.