शेवटची एसटी आणि तिसरी घंटा

काय मंडळी, या वीकएण्डला काय? पुन्हा मॉल, पुन्हा मल्टिप्लेक्स, पुन्हा तोच पॉपकॉर्नचा टब? मग जरा माझं ऐका. पुण्यात राहून पुण्यातलं नाटक कधीच न बघणारे मला रोज भेटतात. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीतच बसतात. आणि पुण्यात न राहता फक्त नाटकासाठी पुण्यात येणारे? त्यातली एक मी.

मी वेल्ह्याची. तोरण्याला ट्रेकला जाताना जिथे चहा पिता ना, तेच वेल्हे. (तालुक्याला राजगड नाव द्यायचं २०२४ मध्ये ठरलं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे काहीच नाही. पण स्वारगेटहून सुटणारी संध्याकाळची शेवटची एसटी चुकली, की तेच अंतर लंडनइतकं होतं. भोरवाल्यांचंही तेच. ते कापूरहोळला वळणार, आम्ही चेलाडी फाट्याला, पण घड्याळाची भीती सेम टू सेम.

कॉलेजला असताना मी अप-डाउन करायचे. आणि नाटकांचे प्रयोग कधी? दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. साडेनऊ विसरूनच जा. साडेबारा सोयीचं, पण ते बहुतेक सुट्टीच्या दिवशी, आणि सुट्टीच्या दिवशी घरून कोण सोडतंय? राहिलं साडेपाच. ते बघायचं मध्यंतरापर्यंत. मग बॅग उचलायची, रिक्षा आणि स्वारगेट. अशी कितीतरी नाटकं मी अर्धीच पाहिलीत. खून कुणी केला, लग्न कुणाशी झालं, काही पत्ता नाही!

मग शोध लागला एकांकिकांचा. पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू असलेली कॉलेजांची स्पर्धा. ऑगस्ट-सप्टेंबरात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात जा आणि नुसतं दारात उभं राहा. 'अरे आव्वाज कुणाचा' अशा आरोळ्यांनी कान किटतात. तासाभराचा एक खेळ, त्यामुळे एक-दोन बघून निघालं तरी जे पाहिलं ते शेवटापर्यंत. बाहेरून येणाऱ्याला मी पहिला सल्ला हाच देते. इथेच १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला होता. आज त्याच स्टेजवर फर्स्ट इयरचं कुणीतरी पोरगं थरथरत पहिलं वाक्य म्हणतं. सही वाटतं यार!

प्रायोगिक काही बघायचं असेल, तर शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच. छोटीशी जागा, नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. तिथे मोबाइल वाजला, तर थेट नटाची नजर तुमच्यावर. सांगून ठेवते.

आणि डिसेंबरातला सवाई गंधर्व. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. पूर्वी तो रात्रभर चालायचा आणि आमच्यासारख्यांना तेच परवडायचं. शेवटच्या एसटीने यायचं, पहाटेच्या पहिल्या एसटीने परत. जत्रेतल्या तमाशाचाही हिशोब तोच: रात्री गण-गवळण, उजाडेपर्यंत वग. लाऊडस्पीकरवर वेळेचं बंधन आलं आणि ते रात्रभराचं गाणं थांबलं. शेजाऱ्यांना झोप हवी, मान्य. पण ज्याला परतीची गाडीच नाही, त्याने दहा वाजता कुठे जायचं?

असो. नोकरी लागली, कर्वेनगरला रूम घेतली आणि मागच्या महिन्यात मी आबांना नाटकाला घेऊन आले.

आबांचं आणि नाटकाचं एक जुनं प्रकरण आहे. आमच्या गावात जत्रेला गावकरीच नाटक बसवायचे, आणि बाईचं काम आबा करायचे. मला हे कळलं तेच मुळी आठवीत. ट्रंकेत एक फोटो सापडला. नऊवारी, नथ, डोळे खाली. मी विचारलं, "आबा, ही कोण?" त्यांनी फोटो काढून घेतला. नंतर आईने सांगितलं. लग्नाच्या वेळी कुणीतरी यावरून टोमणा मारला होता, तेव्हापासून तो विषय बंद. मी नाटकांच्या मागे एवढी पळाले, पण आबांनी कधी स्वतःचं एक अक्षर सांगितलं नाही.

त्यातलं एक मात्र चुलत्यांकडून कळलं होतं. १९७९ मध्ये आबा जत्रेच्या नाटकासाठी लुगडी आणि गंगावन भाड्याने आणायला पुण्यात आले, आणि बालगंधर्वला साडेपाचचा प्रयोग बघायला शिरले. मध्यंतरात निघावं लागलं. शेवटची एसटी! म्हणजे हा रोग आमच्या घरात खानदानी आहे.

तर रविवार, रात्री साडेनऊचा प्रयोग, बालगंधर्व रंगमंदिर. आबा इस्त्रीचा सदरा घालून आलेले, काखेत पिशवी. मी माहिती देत होते. या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली, १९६८ मध्ये उद्घाटन झालं, तोवर ते गेले होते, वगैरे. आबा ऐकत नव्हते. ते गोपाळ देऊसकरांच्या चित्रांपाशी थांबले होते. बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. आबा दुसऱ्यापुढेच उभे. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. लोक धक्के मारून पुढे जात होते.

"पदराची चुणी बघ," आबा म्हणाले. "म्या अशीच घ्यायचो. लोकं म्हनायची, उगा कशाला येवढं, जत्रंत कोन बघतंय?"

तिसरी घंटा झाली. मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही.

नाटक विनोदी होतं, ठीकठाक. दोन जोक लांबलेच. पण मध्यंतर झालं, दिवे लागले आणि आबा उठले. पिशवी काखेत, चपला पायात, नजर घड्याळावर.

"आबा, कुठं?"

ते जरा गोंधळले. मग हसले. मी त्यांना बाहेर नेऊन बटाटेवडा खाऊ घातला. (बालगंधर्वचा मध्यंतरातला वडा हा नाटकाचाच भाग धरावा.) दुसरा अंक त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिला, पिशवी मांडीवर ठेवून.

साडेबारा वाजून गेले होते. जंगली महाराज रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभे होतो. मी विचारलं, "त्या वेळच्या नाटकाचा शेवट मग कुणाकडून कळला?"

"कुनाकडून कळनार? गावात गेल्या गेल्या पोरं मागं लागली, गोष्ट सांग, गोष्ट सांग. निम्मी बघितल्याली सांगितली, निम्मी रचून सांगितली. दोन सालांनी तेच बसवलं आमी जत्रंत."

"तुमचा शेवट घालून?"

"मंग? शेवटाला ती बाई घर सोडून जाती. माझंच काम हुतं ते."

"आबा, ते नाटक आता यूट्यूबवर असेल. खरा शेवट बघायचाय?"

रिक्षा थांबली. आबा आत बसले, पिशवी मांडीवर घेतली.

"नगं," म्हणाले. "माझा बरा हाय."