सिकंदरबागेच्या चित्राखालचा मजकूर

हिंदुस्थानच्या इतिहासाची पुस्तके, अठराशे सत्तावनच्या समरावरील ग्रंथ आणि वृत्तपत्रांच्या विशेष पुरवण्या यांतून एक छायाचित्र आपल्या डोळ्यांखालून इतक्या वेळा गेलेले असते, की ते आपण कधी नीट पाहिलेलेच नाही ही गोष्ट ध्यानातही येत नाही. मागे तोफांच्या माऱ्याने खिळखिळी झालेली, खांबांची एक सुंदर इमारत. तिच्यासमोर काही देशी माणसे व एक घोडा. आणि पुढच्या मोकळ्या जागेत, पाहणाऱ्याच्या अगदी पायांशी याव्यात अशा, कवट्या, बरगड्या आणि हातापायांची हाडे. लखनौच्या सिकंदरबागेचे हे चित्र फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने १८५८ साली काढले. रणांगणावरील मृतांची जी अगदी आरंभीची छायाचित्रे जगात निघाली त्यांत त्याची गणना होते. आणि छायाचित्र कसे वाचावे व ते काढताना आणि छापताना कोणता विधिनिषेध पाळावा, हे ज्या कोणा विद्यार्थ्याला शिकायचे असेल त्याने आरंभ याच चित्रापासून करावा, असे मला मनापासून वाटते.

सिकंदरबाग ही नबाब वाजिद अली शाहची बाग. सभोवती उंच, भक्कम तटाची भिंत, आत इमारत आणि झाडी, असा तिचा थाट होता. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी, रेसिडेन्सीत अडकून पडलेल्या इंग्रजांच्या सुटकेसाठी सर कॉलिन कॅम्बेलची फौज या बाजूने शहरात शिरत असता, बागेत ठाण मांडून बसलेल्या शिपायांशी तिची गाठ पडली. तोफांनी तटाला भगदाड पडले, ९३ वी हायलँडर पलटण व ४ थी पंजाब पलटण आत घुसल्या, आणि ज्या भिंतींनी तोवर आतील लोकांचे रक्षण केले होते त्याच भिंतींमुळे त्यांना बाहेर पडण्यास वाट उरली नाही. सुमारे २,००० माणसे त्या एका दिवसात कापली गेली. पिंपळावर चढून गोळ्या झाडणाऱ्या वीरांगना ऊदादेवी पासी यांची हकीकत याच बागेची. त्यांचा पुतळा आज तेथील चौकात उभा आहे.

आता तारखांकडे पाहावे. नोव्हेंबर संपण्यापूर्वीच इंग्रजांनी रेसिडेन्सी रिकामी करून शहर सोडले, आणि लखनौ त्यांच्या हाती पुन्हा आले ते १८५८ च्या मार्च महिन्यात. बेआतो हिंदुस्थानात उतरला तोच मुळी १८५८ च्या फेब्रुवारीत, कलकत्त्यास. तेव्हा सिकंदरबागेत त्याचा कॅमेरा लागला तो कत्तलीनंतर चार-पाच महिन्यांनी, ही गोष्ट उघड आहे. पण चित्राला दिलेल्या इंग्रजी शीर्षकात काय आहे? बागेचे नाव आहे, कापल्या गेलेल्या ‘बंडखोरां’ची संख्या आहे, कापणाऱ्या दोन्ही पलटणींची नावे आहेत, सेनापतीचे नाव आहे आणि नोव्हेंबर १८५७ हा महिनाही आहे; नाही ती फक्त चित्र काढल्याची तारीख, आणि अर्थातच मेलेल्यांपैकी एकाचेही नाव. पाहणाऱ्याने कत्तलीची तारीख हीच चित्राची तारीख समजावी, अशी त्या मजकुराची ठेवण आहे, आणि पिढ्यान् पिढ्या पाहणारे तसेच समजत आले.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. त्या काळी लखनौत मुलकी अमलदार असलेले आणि पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झालेले सर जॉर्ज कॅम्बेल यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे, की सिकंदरबागेतील प्रेते बेआतो पोहोचण्यापूर्वीच रीतसर झाकलेली होती. परंतु त्यांची अखेरची विल्हेवाट लागण्याआधी ती उघडी करून आपल्याला त्यांचे चित्र घेऊ द्यावे असा आग्रह त्याने धरला, आणि तो मान्य झाला. हे लिहिणारा कोणी बंडाचा कैवारी नव्हता. इंग्रजी राज्याचा एक जबाबदार अंमलदार होता, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे. दोनच वर्षांनी, १८६० साली, चीनमधील ताकूचे किल्ले पडले तेव्हाही प्रेतांची एक रास पाहून हाच बेआतो हर्षभरित झाला आणि आपले चित्र घेऊन होईपर्यंत तिला कोणी हात लावू नये अशी विनवणी करू लागला, असे डॉ. रेनी या लष्करी वैद्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे सिकंदरबागेत घडले ते क्षणाच्या मोहाने घडले असे म्हणण्याचीही सोय उरत नाही.

मराठी माणसाचा लखनौशी जुना संबंध गाण्याचा. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने तेथे संगीताचे महाविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारख्या गुरूंनी ते आयुष्य वेचून चालविले. माझी भाची त्याच शहरात पत्रकारितेचे शिक्षण घेते, आणि तिच्या वर्गाला अभ्यासासाठी हे चित्र मिळाले होते. चित्राचा इतिहास कोणी सांगण्याआधी, केवळ निरखून, ती ज्या निष्कर्षांप्रत आली त्यांचा मला अतिशय आदर वाटतो. तिने प्रथम हाडांचा रंग पाहिला. मांस झडून गेलेली ही हाडे ताज्या लढाईची असूच शकत नाहीत, मग शीर्षकातला महिना आणि चित्रातला दिवस यांत अंतर असलेच पाहिजे. मग तिने हाडांची जागा पाहिली. युद्धात मरणारा माणूस आडोसा शोधतो, दाराच्या कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, दुसऱ्याच्या आड पडतो. येथे मात्र अस्थी मोकळ्या अंगणात, उन्हात, कॅमेऱ्याच्या पुढ्यात पसरल्या आहेत. शेवटी तिने माणसे पाहिली. त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, आणि जो हलला तो पुसट झाला. हे लोक स्पष्ट उमटले आहेत, त्या अर्थी त्यांना उभे राहायला, बसायला, न हलायला कोणीतरी सांगितले असले पाहिजे. “मामा, हाडं तर आणून टाकलीच, पण ही माणसंही आणून उभी केलीत,” असे ती म्हणाली तेव्हा मी त्या माणसांकडे खरोखर पहिल्यांदा पाहिले. आपल्याच मुलुखातल्या माणसांच्या अस्थींमध्ये, जेत्याच्या हुकमाने, निश्चल उभे राहण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या मनाची अवस्था त्या चित्राच्या एकाही वर्णनात मला आढळली नाही.

इतक्यावरून कोणी असा सिद्धांत काढील, की रचलेले छायाचित्र ते सारे खोटे. मला तो मान्य नाही, आणि माझ्या नामंजुरीचे कारण आपल्या मुंबईच्याच एका छायाचित्रकाराच्या कामात आहे. नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर अमृतसरला जाऊन जालियनवाला बागेची छायाचित्रे घेतली. त्यांत भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांभोवती खडूने वर्तुळे काढलेली आहेत आणि माणसे त्या खुणांकडे बोट दाखवीत आहेत. तीही रचनाच, पण ती स्वतःला लपवीत नाही. खडूचे वर्तुळच सांगते, की गोळीबार होऊन गेल्यावर आम्ही येथे आलो, ही खूण आम्हांला सापडली आणि ती तुम्हांला दिसावी म्हणून आम्ही तिच्याभोवती रेघ ओढली. चित्रातला माणूस तेथे सजावटीसाठी उभा नाही. तो साक्ष देत आहे आणि ती त्याला द्यायची आहे. बेआतोच्या चित्रातली रचना मात्र, आपण रचना नसून जसे सापडले तसे दृश्य आहोत, असा बहाणा करते, आणि मृतांना मारणाऱ्यांच्याच पराक्रमाच्या पुराव्यादाखल मांडून ठेवते. विद्यार्थ्याला शिकवायचा भेद हा आहे. रचना झाली की नाही हा प्रश्न त्या मानाने गौण आहे.

लखनौसारखे शहर या अभ्यासाला दुसरे सापडणे कठीण. समर पेटण्यापूर्वी, १८५० नंतरच्या काही वर्षांत, अहमद अली खान नावाचा लखनौचाच एक छायाचित्रकार तेथील इंग्रज कुटुंबांची आणि देशी मंडळींची चित्रे काढीत होता. ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन झाली आहेत, आणि त्यांतील पुष्कळ माणसे आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. पुढे १८७४ साली नगरपालिकेचे माजी इंजिनियर दरोगा अब्बास अली यांनी शहरातील इमारतींच्या पन्नास चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी लखनौच्या गायिका, नर्तकी यांच्या तसबिरींचाही. त्या स्त्रियांना आपली तसबीर कोणाच्या दिवाणखान्यात जाणार याची कल्पना कोणी दिली असेल काय, हा प्रश्न सिकंदरबागेच्या प्रश्नाहून सौम्य दिसतो खरा, पण तो त्याच जातीचा आहे. फरक इतकाच, की येथे छायाचित्रकार देशी आहे. दोष केवळ परक्या राज्यकर्त्याचा म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. राज्यकर्त्यांच्या बाजूने मात्र तो पराकोटीला पोहोचला हेही तितकेच खरे: मद्रास इलाख्यातील १८७६-७८ च्या दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून चित्रे घेणाऱ्या विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्यावर पुढे १८८६ साली मंडाले येथे असा आरोप आला, की कैद्यांना गोळ्या घालण्याचा क्षण काचेवर साधावा म्हणून त्याने हुकूम देण्यास विलंब लावला, आणि त्याची चौकशी झाली.

ज्या महिन्यांत बेआतो लखनौत काचा भिजवीत होता, त्याच सुमारास वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या कत्तलीत सापडले होते. त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो पुष्कळ वर्षांनी, स्मरणावरून. आणि चिंतामणराव वैद्य यांनी तो प्रसिद्ध केला १९०७ साली. स्मरणात चुका असतात, संपादकाचा हात फिरतो, हे सगळे कबूल. तरी गोडसे भटजी आपण कोठे होतो, कोठे दडलो, कोणती गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि कोणती कानांवर आली, हे सांगत जातात, म्हणून वाचकाला त्यांच्या शब्दाचे मोल स्वतः ठरविता येते. छायाचित्राच्या बाबतीत हे सांगण्याचे काम चित्राखालच्या मजकुराने करायचे असते. गावात साधा पंचनामा झाला तरी तो कोणी लिहिला, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष, जागा आधी कोणी हलविली होती की काय, याची नोंद असल्याशिवाय न्यायासनापुढे त्याला किंमत नाही. मग दोन हजार माणसांच्या मरणाचा हा दस्तऐवज आपण एवढी वर्षे बिनसहीचा का चालवून घेत आहो?

माझी मागणी लहानशी आहे. ज्या पाठ्यपुस्तकात, ग्रंथात किंवा वृत्तपत्रात हे चित्र छापले जाईल त्यात त्याखाली एवढे तरी असावे: लखनौ, सिकंदरबाग, लढाई १६ नोव्हेंबर १८५७, छायाचित्र १८५८, फेलिचे बेआतो, सर जॉर्ज कॅम्बेल यांच्या साक्षीप्रमाणे झाकलेली प्रेते छायाचित्रकाराच्या आग्रहावरून उघडी केलेली. दोन-तीन ओळींचा हा मजकूर आहे. या ओळींना जागा नाही असे ज्या संपादकाला वाटत असेल त्याच्या पानावर त्या चित्रालाही जागा नसावी. आणि हा नेम एकदा जुन्या चित्राला लागला की तो आजच्या चित्रांनाही लावावा लागेल, हाच मला त्याचा मोठा लाभ वाटतो. कायद्याने आपल्याकडे अत्याचार झालेल्या स्त्रीची, बालकाची ओळख उघड करण्यास बंदी आहे. परंतु अपघातात रस्त्यावर पडलेला माणूस, पुरात घर गमावून बसलेली म्हातारी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको, यांच्यापुढे मोबाइल धरणाऱ्याला कायदा फारसे काही विचारीत नाही, आणि ते चित्र कोणी, केव्हा, कोणाला विचारून घेतले हे न सांगता ते दुसऱ्या दिवशी छापणाऱ्यालाही विचारीत नाही. संगणकावर न घडलेल्या घटनेचे चित्र तयार होऊ लागल्यापासून तर घडलेल्या घटनेच्या खऱ्या चित्राने आपली कुळकथा बरोबर वागविणे हे त्याच्या खरेपणाच्याच हिताचे झाले आहे.

भाचीचे आणि माझे एका मुद्द्यावर एकमत झाले नाही. तिच्या मते ज्यांना मातीतून उकरून काढले त्यांना आपण पुन्हा पुन्हा छापून पुन्हा पुन्हा उकरतो, म्हणून हे चित्र अभ्यासकांपुरते राहावे. मला तिच्या म्हणण्यातला करुणेचा भाग पूर्णपणे पटतो, तरी हे चित्र दृष्टीआड केल्याने फायदा होईल तो ज्यांनी ते दृश्य घडविले त्यांचा, असे मला वाटते. सिकंदरबागेच्या मृतांची कबर नाही, नामावली नाही, आणि त्यांच्यावर काय गुदरले याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा या एका दूषित चित्राखेरीज फारसा नाही. तिने घातलेली एक अट मात्र मी तत्काळ मान्य केली. चित्र छापायचे तर पुरे छापावे. पानाच्या सोयीसाठी वरचा भाग कापून, नुसती हाडे मोठी करून छापू नयेत, कारण त्या कापाकापीत सर्वांत आधी नाहीशी होतात ती इमारतीसमोर उभी केलेली जिवंत माणसे, आणि चित्र रचलेले आहे हे डोळ्यांनी ओळखण्याची वाचकाला असलेली उत्तम संधीही त्यांच्याबरोबरच जाते.