तुणतुण्याला लाजायचे कशाला?

“तेच ते तुणतुणे वाजवू नका,” असे आपण सहज बोलून जातो. मी मात्र वर्षभर खरेखुरे तुणतुणे बनवीत बसलो आहे. दिवसभर कचेरीत आकडेमोड करायची, अंबरनाथला उतरून घर गाठायचे आणि जेवणानंतर गॅलरीत करवत-कानस घेऊन बसायचे, असा नाद लागला आहे.

साहित्य साधेच. वीतभर उंचीचा पत्र्याचा डबा, बांबूची काठी, पोलादी तार, खुंटीसाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला लाकडाचा तुकडा आणि बदलापूरच्या एका ढोलकीवाल्याकडून आणलेले बकऱ्याचे कातडे. डब्याची दोन्ही तोंडे मोकळी करून खालच्या तोंडावर भिजवलेले कातडे ताणून बसवायचे. ते वाळले की मधोमध बारीक भोक पाडून तार ओवायची. ती कातडे फाडून निसटू नये म्हणून खालून चकती अडकवायची. काठी डब्याला बाहेरून घट्ट बसवायची आणि तारेचे वरचे टोक काठीवरच्या खुंटीला गुंडाळायचे. खुंटी पिळली की सूर चढतो. माझी पहिली दोन तुणतुणी फसली, कारण भोक मोठे पडले. तिसऱ्याचे कातडे पावसाळ्यात ओल धरून सैल पडले.

ते पाहून आई म्हणाली, “दारोदार मागायचं वाद्य हे. धम्म घेतला तेव्हा तुझ्या आजोबांनी देवांबरोबर तेही घराबाहेर काढलं. तू परत आणलंस?”

मी गप्प झालो. जातीने गळ्यात बांधलेले मागणे आजोबांनी टाकले, ते योग्यच केले. पण दोष मागायला लावणाऱ्या व्यवस्थेचा, तारेचा नव्हे. कातडे कमावणाऱ्या हातांचा विटाळ मानला गेला, मात्र त्याच कातड्याचा मृदंग देवळात चालला! शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी हे ओळखले होते. आंबेडकरी जलशाने तमाशाचा बाज घेतला, पण तिथे समाजप्रबोधन आणले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गाण्यातूनच गावोगाव बाबासाहेबांचा विचार घेऊन फिरले. वाद्ये जुनीच राहिली, त्यांचा धनी बदलला.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंदच आहे. तुणतुणे मात्र वाजवणाऱ्याने घरीच बनवावे असे वाद्य. ते जाणणारी माणसे गेली की मापेही गेली. म्हणून विनंती आहे, की घरात जुने तुणतुणे असेल तर भंगारात घालू नका. पोरांना खोलून दाखवा, डब्याची आणि काठीची मापे वहीत लिहून ठेवा. जयंतीला डीजे लावण्यापूर्वी एखादे गाणे त्यावर होऊ द्या.

चौथे तुणतुणे जमले, त्या रात्री मी तार छेडली. आई आतून आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग माझ्या हातातून ते घेऊन तिने खुंटी अर्धा फेरा पिळली आणि म्हणाली, “तुझ्या आजोबांची तार एवढी ढिली नसायची.”

जयभीम!