ह.भ.प. सांभाळून लिहा

वैजापूर तालुक्यातल्या सप्ताह समित्यांना, छापखानेवाल्यांना आणि फ्लेक्स तयार करणाऱ्या तरुणांना हात जोडून विनंती आहे. कुणाच्याही नावाआधी 'ह.भ.प.', म्हणजे हरिभक्तपरायण, लिहिताना थोडं थांबा, विचार करा.

सप्ताहाच्या फ्लेक्सवर आता कीर्तनकार ह.भ.प. असतात, मंडपाचा खर्च उचलणारे ह.भ.प. असतात आणि वर कोपऱ्यात फोटो असलेले पुढारीही ह.भ.प. असतात. अखंड सात दिवस वीणा जमिनीला टेकू न देता आळीपाळीनं पहारा देणाऱ्या विणेकऱ्यांची नावं मात्र 'समस्त भजनी मंडळ' या एका ओळीत जिरून जातात. काकड्याला रोज येणारी, ज्ञानेश्वरीच्या पारायणाला न चुकता बसणारी आजी तर त्या ओळीतही नसते. सरसकट वाटलेला मान कुणाचाच राहत नाही. हा मान आपल्या देखत संपतो आहे, आणि संपवणारे आपणच आहोत.

हरिभक्तपरायण ही पदवी कोणतंही सरकार देत नाही. रावबहादूर, रावसाहेब हे किताब इंग्रजांनी वाटले आणि ते इंग्रजांबरोबरच गेले. पुढे राज्यघटनेच्या 18व्या कलमानं सरकारी किताबांची प्रथाच बंद केली. ह.भ.प. मात्र टिकलं, कारण ते ऐकणारे देतात. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथं मुलं चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन शिकतात. तरी खरी मोहोर उमटते ती गाव रात्री मंडपात बसून ऐकतं तेव्हाच. सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वारकऱ्यांनी त्यांना ह.भ.प. म्हटलं ते त्यांच्या हुद्द्याकडे पाहून नव्हे.

आणि या मानाची राखण वैजापूरकरांनी नाही करायची तर कुणी? आपल्या शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. देवगाव रंगारीची ही ब्राह्मणाची लेक. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तिनं तुकोबांचे अभंग ऐकले आणि मनानं त्यांनाच गुरू मानलं. नवऱ्याला ते सोसलं नाही. तिनं मार खाल्ला, पण गुरू सोडला नाही. हे सगळं तिनं स्वतःच अभंगांत सांगून ठेवलं आहे, आणि अभंगाच्या शेवटी लिहिलं ते नुसतं आपलं नाव, मागेपुढे कसलीही पदवी नाही. गोदावरीच्या पात्रातलं सराला बेटही आपलंच. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला हरिनाम सप्ताह दर श्रावणात नव्या गावी भरतो, आणि त्या सप्ताहांची संख्या पावणेदोनशेच्या पुढे गेली आहे. जिथं जातपात न विचारता लोक एका पंगतीला बसतात, तिथं नाव छापताना पैसा आणि खुर्ची कशाला पाहायची?

म्हणून यंदाच्या पत्रिकेचा मसुदा छपाईला जाण्याआधी गावातल्या जुन्या वारकऱ्यांना एकदा वाचून दाखवा. ह.भ.प. कुणाच्या नावाआधी शोभतं, हे त्यांना ठाऊक असतं. देणगीदारांचे आभार जरूर माना, मोठ्या अक्षरांत माना. त्यांच्यासाठी 'अन्नदाते' हा सुरेख शब्द आहेच. विणेकरी, मृदंगवादक, चोपदार यांची नावं पूर्ण छापा. कीर्तनकार बाई असेल तर तिच्या नावाआधीही ह.भ.प. लिहा, नुसतं 'सौ.' लिहून भागवू नका. शिऊरच्या तालुक्यात तरी असं होता कामा नये. स्वतःच्या फोटोखाली स्वतःच ह.भ.प. लिहायला सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. आणि घरातल्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत जुन्या सप्ताहांच्या पत्रिका सापडल्या तर त्या रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयात किंवा विठ्ठल मंदिरात एक फाइल करा आणि प्रत्येक पत्रिकेवर साल आणि गाव लिहून ठेवा. कोणत्या वर्षी कोण कीर्तनाला उभं राहिलं, कुणी वीणा घेतली, याची लेखी नोंद बहुधा दुसरीकडे कुठंही नाही.