डॉक्टरीणबाईंचा अंगठा

सासूबाईंच्या पोटात महिनाभर जळजळ होत होती, जेवण जाईना. कळवणच्या डॉक्टरांनी नाशिकला जाऊन दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी करून घ्यायला सांगितलं. सासूबाईंची एकच अट, "बाईमाणूस डॉक्टर असेल तरच येईन." बरीच शोधाशोध केली तेव्हा एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. तपासणी नीट पार पडली. पण माझं लक्ष गेलं त्यांच्या डाव्या मनगटावरच्या पट्ट्याकडे. विचारलं तर हसून म्हणाल्या, "कांद्याच्या वावरात तुमची कंबर जाते, तसा आमचा अंगठा."

मैत्रिणींनो, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. दुर्बिणीची मूठ डाव्या हातात धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने चाकं फिरवायची, की पोटातलं नळीचं टोक वळतं. उजव्या हाताने नळी पुढे सरकवायची, पिळायची. डोळे पडद्यावर, आणि तासन्‌तास उभं राहायचं. एक पेशंट झाला की दुसरा. अंगठ्याचं मूळ, मनगट, मान, खांदा, पाठ, सगळं भरून येतं. त्यात ही मूठ सगळ्यांना एकाच मापाची! हात लहान असला की चाकापर्यंत अंगठा ताणावा लागतो, आणि लहान हात बहुतेक बायकांचेच.

मला आमचा ओटा आठवला. गवंड्याने आपल्या अंदाजाने बांधला. उंच जाऊबाईंची पाठ धरते, मी बुटकी, माझे खांदे. आम्ही वर्षानुवर्षं "वय झालं" म्हणत राहिलो. ओट्याला कुणी बोल लावला नाही.

डॉक्टर मंडळीही असंच अंगावर काढत आली. पण अमेरिकेतल्या एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. उपाय अगदी घरगुती वाटावेत असे आहेत. पडदा बाजूला नको, समोर हवा आणि नजरेच्या किंचित खाली, म्हणजे मान वर करावी लागत नाही. पलंग वर-खाली होणारा हवा, डॉक्टरांच्या कोपराइतका किंवा त्याहून चार बोटं खाली. पायाखाली मऊ मॅट. मध्ये मध्ये थोडी विश्रांती, आणि उभं कसं राहायचं, दुर्बीण कशी धरायची याचं रीतसर शिक्षण. पित्तनलिकेच्या तपासणीत एक्स-रेपासून बचावाला शिशाचा जड एप्रन घालतात, तो दोन भागांचा असला तर सगळा भार खांद्यांवर येत नाही.

विश्रांतीचं मात्र आपल्याही हातात आहे. त्या दिवशी डॉक्टरीणबाई दोन पेशंटच्या मध्ये पाच मिनिटं पाणी प्यायला बाहेर आल्या, तर रांगेत कुरकुर सुरू झाली. खोटं कशाला बोलू, त्यात मीही होते. शेवटची एसटी चुकेल याची धास्ती!

आपल्याकडे शौचावाटे रक्त जात असलं तरी कितीतरी बायका घरात सांगत नाहीत. पुरुष डॉक्टरांपुढे तर नाहीच नाही. अशा बाईला तपासायला डॉक्टरीणबाई मिळाली, आणि तिचाच अंगठा पंचेचाळिशीत कामातून गेला, तर ही बाई पुन्हा घरीच बसणार. लाखो रुपयांची दुर्बीण घेणाऱ्या दवाखान्यांनी खोली मांडताना डॉक्टरीणबाईंना एकदा तिथे उभं करून पलंगाचं आणि पडद्याचं माप घ्यावं. शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय ब्लाउज शिवत नाही.

पुढच्या महिन्यात सासूबाईंना फेरतपासणीला न्यायचंय. या वेळी सकाळच्या पहिल्या एसटीने निघणार आहोत, म्हणजे परतीची घाई नको.