बिनटाक्याचा उपचार, बिनतारखेचा स्टेंट

"एकही टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी!" असली जाहिरात वाचली की माझं डोकं फिरतं. उपचार वाईट आहे म्हणून नव्हे, तो उत्तमच आहे. वाक्य अर्धवट आहे म्हणून.

मुद्दा पित्तनलिकेचा. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी ही नळी कॅन्सर नसतानाही अरुंद होते. पित्ताशय काढताना तिला इजा होते, यकृत प्रत्यारोपणातला जोड आवळतो, नाहीतर स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेने ती दाबली जाते. मग कावीळ, खाज, थंडीताप. नळी पूर्ण कापली गेली असेल तर आजही ऑपरेशनच लागतं. पण बऱ्याच जणांचं काम तोंडातून दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपीने होतं. फुग्याने जागा रुंद करायची आणि ती पुन्हा आवळू नये म्हणून स्टेंट बसवायचा.

आता गंमत बघा. प्लास्टिकचा स्टेंट जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा. साधारण तीन महिन्यांत तो गाळाने तुंबायला लागतो. म्हणून दर तीनेक महिन्यांनी बदलायचा, शेजारी आणखी बसवायचे, असं वर्षभर. म्हणजे जाहिरातीतला "दुसरा दिवस" ही नुसती सुरुवात!

आच्छादित धातूच्या स्टेंटने फेऱ्या कमी होतात. २०१६ साली 'जामा'त आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ११२ रुग्ण होते. प्लास्टिकवाल्यांना सरासरी ३.२४ वेळा ईआरसीपी लागली, धातूवाल्यांना २.१४ वेळा. पण काढावा तोही लागतोच.

आणि तारीख चुकली तर? तुंबलेल्या नळीत जंतू वाढतात, रक्तात पसरतात, जिवावर बेततं. माझ्या ओळखीच्या एका काकांच्या डिस्चार्ज कार्डावर "फॉलोअप" एवढा एकच शब्द होता. स्टेंट काढायचा असतो हे त्यांना दीड वर्षाने, हुडहुडी भरल्यावर कळलं.

"पेशंटच येत नाहीत, आम्ही काय करणार?" हे ठरलेलं उत्तर. अहो, विम्याच्या हप्त्याचासुद्धा मेसेज येतो! एक तक्ता, एक तारीख, रोज रात्री चालणारी एक क्वेरी. आमच्या धंद्यात हे नवशिक्या पोराचं एका दुपारचं काम आहे. बिल करायला विसरता का कधी?

तेव्हा कार्डावर ठळक लिहा: स्टेंट कुठला, बसवला कधी, काढायचा कधी. पुढच्या फेऱ्यांचा खर्च पहिल्याच दिवशी सांगा. आणि तारीख टळली तर फोन तुम्ही करा. जो स्टेंट बसवतो, त्यानेच तो निघेपर्यंत त्याचा हिशोब ठेवायचा.